आमचा फोटोग्राफी क्लब आणि एक चुकलेलं शीर्षक

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातलं थोडं कमी केलं आहे.)



संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, "तू पोस्टातून रिटायर झालीस, त्यात कुणाला रस नाही. तुझ्या त्या फोटो क्लबाबद्दल बोल. आणि वीस मिनिटांत आटप, मागं चहा उकळतोय." तेव्हा चहा उकळू दे. मी सुरू करते.

सुरुवात शाळेतूनच करावी लागेल. आठवीत शास्त्राच्या सरांनी आपल्याला सूचिछिद्र कॅमेरा करायला लावला होता, आठवतंय? बुटाचं खोकं, एका बाजूला टाचणीनं पाडलेलं भोक आणि दुसऱ्या बाजूला खोबरेल लावलेला कागद. मैदानातलं लिंबाचं झाड त्या तेलकट कागदावर उलटं लटकलेलं दिसलं तेव्हा मी किंचाळले होते. सर आज समोर बसलेत म्हणून सांगते. सर, तुम्ही मला त्या प्रयोगाला पाचपैकी दोन मार्क दिले होते. माझ्या खोक्याच्या फटीतून उजेड आत येत होता. मार्क बरोबर होते, माझी तक्रार नाही. पण त्या दोन मार्कांवर मी पुढची चाळीस वर्षं काढली.

मग मामाचा ॲग्फा क्लिक थ्री हातात आला. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बाराच. गणपतीला सहा, दिवाळीला चार आणि उरलेले दोन कुणाच्या तरी लग्नासाठी राखून ठेवायचे. रोल संपेपर्यंत आधीच्या फोटोंतली बाळं चालायला लागलेली असायची. नंतर नोकरी, लग्न, मुलं हे सगळ्यांचं झालं तसं माझंही झालं. ते सोडून देते.

१९९४ साली मी क्लबात गेले. गावातले चारदोन स्टुडिओवाले, दोन डॉक्टर, कॉलेजातले एक प्राध्यापक, एक हळदीचे व्यापारी असा तो गोतावळा. बाईमाणूस मी एकटीच. पहिल्या दिवशी सेक्रेटरींना वाटलं, मी कुणाला तरी बोलवायला आलेय. "कोण पाहिजे?" म्हणाले. "मेंबरशिप पाहिजे," म्हटलं. त्यांनी पावतीपुस्तक काढलं, पण पावती फाडण्यापूर्वी विचारलंच, "मिस्टरांना चालणार आहे ना?" मिस्टर बाहेर स्कूटरवर बसून होते. त्यांना चालत होतं. सासूबाईंना मात्र चाललं नाही. रात्री दहानंतर न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून मी आत प्रिंट काढत बसायची आणि बाहेरून त्यांचा आवाज यायचा, "अगं, अंघोळ करतीस का पाप करतीस?" डेव्हलपरच्या ट्रेमध्ये पांढऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटतो, लाल दिव्याच्या उजेडात. एकदा त्यांना आत बोलावून दाखवलं. ट्रेमध्ये त्यांच्याच धाकट्या बहिणीचा चेहरा वर आला. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. हायपोच्या वासाबद्दल तेवढं शेवटपर्यंत बोलत राहिल्या.

क्लबात नेमकं काय चालतं, हे मला नेहमी विचारतात. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठक असते. महिन्याची एक स्पर्धा असते आणि तिला विषय असतो: दार, हात, बाजार, पाऊस, एकटं झाड. पूर्वी आठ बाय दहाचा प्रिंट द्यायचा, आता आठ बाय बारा चालतो. नाव फोटोच्या मागं लिहायचं, पुढं काही नाही. बाहेरून एक परीक्षक येतात. फोटो एकेक करून स्टँडवर लावतात, परीक्षक चष्मा वरखाली करतात आणि सगळ्यांच्या देखत बोलतात. ही सगळ्यांच्या देखतची गोष्ट फार महत्त्वाची आहे. बोर्डाच्या परीक्षेत नापास झालं तर निदान घरी जाऊन रडता येतं, इथं तिथंच बसून मान डोलवावी लागते.

परीक्षकांची भाषा ठरलेली असते. "हायलाइट जळलेत." "क्षितिज तिरकं आहे." "सब्जेक्ट बरोबर मधोमध आलाय." "हा कोपऱ्यातला माणूस काय करतोय? नजर तिकडं जाते." एकदा मी हरिपूरच्या घाटावरचा फोटो दिला होता. संगमावर नाव, नावेत नावाडी आणि मागं एक म्हैस. परीक्षक म्हणाले, "म्हैस काढली असती तर पहिला नंबर दिला असता." आता म्हैस कशी काढणार? ती तिथंच होती. पण मी शिकले. पुढच्या वेळेला म्हैस जाईपर्यंत थांबले. त्या पुढच्या वेळेला थांबायचाही कंटाळा आला आणि प्रिंट काढताना कडेनं कापून टाकली. याला आम्ही क्रॉप करणं म्हणतो आणि ते सगळ्या स्पर्धांत चालतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

स्पर्धेपेक्षा मला सहली जास्त आवडल्या, हे कबूल करते. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत आम्ही वर्षातून एकदा तरी जायचोच. माळ्यावर टांगलेले ते मोठाले वाळके भोपळे, खाली कानस चालवणारा कारागीर आणि दारातून तिरका येणारा उजेड. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या क्लबात पेढे वाटले होते, जसं काही आम्हीच तारा जुळवल्या होत्या. हरिपूरची हळदीची पेवं तुमच्यापैकी किती जणांनी आतून बघितलीत? जमिनीत खोल खणलेली ती कोठारं. वरून तोंड लहान, आत पोट मोठं. उघडल्याबरोबर आत उतरत नाहीत. हवा खेळू देतात आणि मग दिवा सोडून बघतात. दिवा विझला तर माणूस उतरत नाही. तो दिवा दोरीनं खाली जाताना मी फोटो काढला होता. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. त्याच पुरात आमचं जुनं घर पाण्यात होतं आणि माझी शाळेपासूनची सगळी फोटोंची पेटी गेली. त्यावर नंतर येते.

मोठ्या स्पर्धांना सलोन म्हणतात. केस कापायचं नव्हे. सलोनची दुनिया निराळी आहे. फियाप नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९५० साली स्थापन झालेली. आपली भारतीय फोटोग्राफी फेडरेशन १९५३ ची. यांच्या मान्यतेच्या स्पर्धांत फोटो निवडला गेला की त्याला ॲक्सेप्टन्स म्हणायचं. अशा ॲक्सेप्टन्स साठवत गेलं की नावापुढं अक्षरं लावता येतात. आमच्यातल्या काहींच्या नावापेक्षा नावापुढची अक्षरं लांब आहेत. मी हसते, पण मी स्वतःही त्या पळापळीत आठदहा वर्षं होते. वहीत हिशेब ठेवायची: कुठला फोटो, कुठल्या देशात, किती गुण. तेच फोटो फिरत राहतात. पट्टणकोडोलीच्या यात्रेत उधळलेला भंडारा, जेजुरीचा भंडारा, वारीतलं रिंगण, सुरकुतलेल्या म्हातारीच्या हातातली बिडी. आम्ही वीसजण एकाच कट्ट्यावर खांद्याला खांदा लावून उभे असतो आणि वीस जणांच्या कॅमेऱ्यात तोच भंडारा तसाच उडतो. मग कोणाचा तरी एक निवडला जातो आणि तो म्हणतो, मला क्षण सापडला.

या स्पर्धांचे नियमही कडक असतात. निसर्ग विभागात माणूस किंवा माणसानं केलेलं काही दिसता कामा नये. पत्रकारिता विभागात फोटोत काही घालायचं नाही, काही पुसायचं नाही, जे घडलं तेच राहिलं पाहिजे. कधी कधी मूळ फाइल मागतात आणि ताडून बघतात. क्रॉप मात्र चालतो.

आता २०१९ वर येते. त्या ऑगस्टचं मी तुम्हाला काय सांगायचं? इथल्या अर्ध्या लोकांच्या घरात पाणी होतं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. १९२९ सालचा तो पूल, पण त्याच्याकडं बघताना पहिल्यांदा मला त्याची काळजी वाटली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला नाव उलटली. त्यानंतर माणसं नावेत पाय ठेवायलाही घाबरत होती, आणि घरात राहायलाही.

आम्ही विश्रामबागेत, आमच्याकडं पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी एका मंडळाच्या पोरांबरोबर दुधाच्या पिशव्या वाटायला नावेतून गावभागात गेले. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गळ्यात होता. एका गल्लीत दुसरी नाव लागलेली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून दोन पोरं एका म्हाताऱ्या बाईला खाली उतरवत होती. काखेत हात घालून तिला उचललेलं, पाय अधांतरी. पदर खाली गेलेला, केस सुटलेले. तोंड उघडं, आणि एक हात मागं घराकडं ताणलेला. मी सातआठ फोटो काढले. मग आमची नाव पुढं गेली.

त्यातला एक फोटो फार चांगला आला होता. मी चांगला म्हणतेय ते तुम्हाला कसंसंच वाटेल, पण आमच्या धंद्यात, म्हणजे छंदात, असंच बोलतात. फक्त डाव्या कडेला गॅलरीत एक पोरगा अर्धा दिसत होता, त्याच्या हातात काहीतरी होतं, आणि नजर तिकडं जात होती. मी ती कड कापली. आता फक्त ती बाई, ते दोन हात, ते पाणी आणि मागं ताणलेले तिचे पाच बोट. शीर्षक दिलं, 'असहाय'. बाहेरगावच्या एका स्पर्धेत पत्रकारिता विभागात पाठवला आणि पहिलं बक्षीस मिळालं. मूळ फाइल मागितली होती, ती दिली. एक ठिपका इकडचा तिकडं केला नव्हता. नियमाप्रमाणं सगळं चोख होतं.

जानेवारी २०२० मध्ये क्लबाचं वार्षिक प्रदर्शन होतं. वर्षभरात बक्षीस मिळालेले फोटो दारातच लावतात. माझा सोळा बाय वीसचा प्रिंट, खाली सोनेरी कागदावर बक्षिसाचं नाव. मी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. संक्रांत जवळ होती, बाहेरगावच्या काही जणी माहेरी आलेल्या. चौघी आल्या.

त्यातली एक दारातच थांबली. हे मी तिला विचारून सांगतेय. ती आत्ता इथं बसली आहे. तिनं एकच अट घातली, नाव घ्यायचं नाही आणि कुणी मागं वळून बघायचं नाही. तेव्हा कृपया पुढं बघा.

ती म्हणाली, "ही माझी आई आहे."

मी ओळखलं नव्हतं. शाळेत असताना त्यांच्या घरी मी कितीदा गेले होते. काकूंच्या हातचं थालीपीठ खाल्लं होतं. पण पस्तीसेक वर्षं झाली होती, आणि त्या नावेतल्या दोन मिनिटांत मी चेहरा बघत नव्हते, मी फोटो बघत होते. तेवढं मी तिला सांगितलं. तिला ते ऐकायचं नव्हतं. ती म्हणाली, "आईनं आयुष्यात सासऱ्यांच्या समोर डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. आणि तू तिला इथं दारात टांगलीस?" थोड्या वेळानं म्हणाली, "आणि असहाय? कोण असहाय? ती काय म्हणत होती ते माहितीय तुला?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मधे फक्त दहाबारा फुटांचं पाणी होतं.

फोटो लगेच उतरवला. सेक्रेटरींनी विचारलं, काय झालं? म्हटलं, नंतर सांगते. घरी येऊन कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला. डाव्या कडेचा तो अर्धा पोरगा मोठा करून बघितला. त्याच्या हातात ट्रंक होती. पत्र्याची, कडी असलेली. काकूंचा हात घराकडं नव्हता, त्या ट्रंकेकडं होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं गेले. प्रिंट कागदात गुंडाळून नेला होता. काकू चौऱ्याऐंशीच्या. त्यांनी प्रिंट हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ बघितला. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते. त्या म्हणाल्या, "पाणी कठड्यापर्यंत होतं की गं. मी सांगत होते सगळ्यांना, तर म्हणायचे, म्हातारी वाढवून सांगतीय." मग म्हणाल्या, "पदर तेवढा बघ कसा झालाय." आणि हसल्या. मी सांगितलं की याला बक्षीस मिळालंय, आणि खाली मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं. त्यावर मात्र त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी त्या पोराला शिव्या घालत होते. तो म्हणत होता, आजी, आधी माणसं. म्हटलं, त्या ट्रंकेत पण माणसंच आहेत, दे खाली."

ट्रंकेत फोटो होते. पहिल्या रात्री पाणी आलं तेव्हा ट्रंक तळमजल्यावर पलंगाखाली होती. दुसऱ्या दिवशी पाण्यातून वर ओढून काढली. शेवटी नावेतून आली, पण आतलं सगळं भिजलेलं. महिन्याभरानं उघडली तेव्हा फोटो एकमेकांना चिकटून वाळले होते. त्यांनी ते टाकले नव्हते. कपाटातून काढून माझ्या हातात दिले. एक वीट होती ती, फोटोंची. कडेनं बघितलं की पांढऱ्या, तपकिरी कागदांचे थर दिसायचे. काकू म्हणाल्या, "तुझ्या त्या क्लबात एवढी हुशार माणसं आहेत, यातलं काही निघतंय का विचार."

ती वीट घेऊन मी आमच्या स्टुडिओवाल्या काकांकडं गेले. क्लबातले सगळ्यात जुने सभासद. डिजिटल आल्यावर त्यांना कुणी फार विचारत नव्हतं, स्पर्धेला यायचे आणि मागं बसायचे. त्यांनी वीट हातात घेतली, वास घेतला, नखानं एक कोपरा चाचपला आणि म्हणाले, "आठ दिवस द्या. आणि मला कुणी घाई करायची नाही."

फोटोच्या कागदावर चित्र असतं ते जिलेटिनच्या पातळ थरात. जिलेटिन भिजलं की फुगतं आणि चिकट होतं, तसंच वाळलं तर शेजारच्या फोटोला धरून बसतं. ओढलं की चित्र सोलून निघतं. गरम पाणी घातलं तर विरघळून जातं. म्हणून गार, स्वच्छ पाणी. काकांनी वीट एका पसरट ट्रेमध्ये बुडवली. त्याच ट्रेमध्ये ते चाळीस वर्षं प्रिंट धूत आले होते. पाणी गढूळ झालं की बदलायचं. दर दोन तासांनी एक कोपरा अगदी हलकेच उचलून बघायचा. सुटला तर सुटला, नाहीतर परत बुडवायचा. त्यांच्या बोटांना ते कळत होतं. आम्ही जे कॉम्प्युटरवर म्हैस पुसायला शिकलो होतो, ते त्यांच्या शेजारी पाण्याचे तांबे भरून देत होतो.

रंगीत फोटो बरेच गेले. त्यात रंगांचे थर एकावर एक असतात, ते वरून सुटत जातात. आधी चित्र लालसर होतं, मग पिवळं, मग नुसता पांढरा कागद. पण जुने काळेपांढरे फोटो चिवट निघाले. चव्वेचाळीसपैकी एकतीस फोटो हाताला लागले. वाळवायला काकूंनी स्वतःची मऊ झालेली जुनी नऊवारी दिली. ती स्टुडिओच्या मागच्या खोलीत सावलीत अंथरली आणि फोटो उताणे ठेवले. काकू तिथं खुर्ची घेऊन बसल्या. "हा माझा दीर. ही त्याची पहिली. हे बाळ राहिलं नाही." आमच्या क्लबात इतका वेळ कुठल्याही परीक्षकाचं कुणी ऐकलं नसेल.

बक्षीस परत करायला मी स्पर्धेच्या आयोजकांना पत्र लिहिलं, सगळी हकीकत कळवली. त्यांचं उत्तर आलं की मूळ फाइल आणि फोटो जुळतात, क्रॉप नियमात बसतो, शीर्षकाबद्दल नियम नाही, सबब बक्षीस कायम. प्रमाणपत्र अजून माझ्याकडं आहे. ते कुठं ठेवायचं हे मला ठरवता आलेलं नाही.

क्लबात मात्र मोठं भांडण झालं. मी मांडलं की माणूस अडचणीत असलेला फोटो स्पर्धेला द्यायचा तर न कापलेली फाइल सोबत द्यावी आणि चार ओळी लिहाव्यात: कोण, कुठं, काय घडत होतं. आणि त्या माणसाला विचारल्याशिवाय प्रदर्शनात लावू नये. एक सभासद ताडकन उठले. म्हणाले, "वारीत लाखभर माणसं असतात. प्रत्येकाच्या मागं फॉर्म घेऊन पळू का? असं केलं तर रस्त्यावरची फोटोग्राफीच संपली." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याला माझ्याकडं आजही पुरतं उत्तर नाही. विचारायला थांबले असते तर तो फोटो मिळाला नसता, हेही खरंच. पण नंतर विचारता आलं असतं. पाच महिने होते माझ्याकडं, आणि घर मला सापडलं असतं. शेवटी क्लबाच्या मासिक स्पर्धेपुरता आणि प्रदर्शनापुरता नियम झाला, बाहेर ज्यानं त्यानं ठरवावं. दोघे सभासद सोडून गेले. चांगले फोटोग्राफर होते, त्यांची उणीव जाणवते. एक गोष्ट मात्र झाली. त्या चार ओळी लिहायला लागल्यापासून सभासद फोटो काढल्यावर थांबायला लागले. बैठकीत आता हायलाइटांइतकंच लोकांबद्दल बोलणं होतं. बैठक लांबते. चहा दोनदा करावा लागतो.

जुलै २०२१ मध्ये परत पूर आला तेव्हा आम्ही तयार होतो. कोरोनामुळं फार माणसं जमवता येत नव्हती, पण पाणी ओसरायच्या आधीच निरोप फिरवला: भिजलेले अल्बम उन्हात घालू नका, पानं ओढून उघडू नका, स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत तसेच बुडवून दोन दिवसांत आणून द्या. लोकांनी बादल्या आणल्या, पातेली आणली, एका आजोबांनी बाळाच्या अंघोळीच्या टबमधून लग्नाचा अल्बम आणला. एवढे फोटो एका वेळी हाताळणं शक्य नव्हतं. मग आमच्यातल्या एका आइस्क्रीमवाल्या सभासदांनी त्यांचा डीप फ्रीझर रिकामा करून दिला. फोटो गोठवून ठेवले की कुजायचे थांबतात, सवडीनं काढून वितळवता येतात. दीड महिना त्यांच्या दुकानात पिस्ता-कुल्फीच्या जागी लोकांच्या मुंजी आणि बारशी पडून होती. वाचलेल्या फोटोंची दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावून कॉपी काढायची आणि मूळ फोटो घरी पोचवायचे. त्या वर्षीच्या मासिक स्पर्धा झाल्याच नाहीत. कुणाला आठवणही झाली नाही. १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, दरवर्षी आम्ही भाषण ठेवतो. त्या वर्षी स्टुडिओवाल्या काकांना बोलायला सांगितलं, तर ते म्हणाले, "मला बोलता येत नाही, तुम्ही पाणी बदला."

आता ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे इथं बोलायचं कबूल केलं, ते सांगते. काकूंच्या त्या विटेत खालून सातवा फोटो आपल्या दहावीचा ग्रुप फोटो होता. मैदानात, लिंबाच्या झाडाखाली काढलेला. माझी प्रत २००५ साली गेली. मी ग्रुपवर विचारलं होतं तेव्हा कुणाकडंच सापडला नव्हता. ही प्रत निघाली आहे. बाहेर टेबलावर तिची मोठी कॉपी ठेवली आहे, चहा घेताना बघा. पण पुठ्ठ्याचा माउंट पाण्यात विरघळला, आणि त्यावर छापलेली सगळी नावं त्याबरोबर गेली. मधल्या रांगेत उजवीकडचे तीन चेहरे पुसलेत. सगळ्यात मागं बाकावर उभे असलेल्यांपैकी चौघं आम्हाला दोघींना ओळखता येत नाहीत. शिपाईमामा कडेला उभे आहेत, त्यांचं नाव आपल्यापैकी कुणालाच माहीत नसावं, ते मला फार लागलं. मोठ्या बाईंना कदाचित आठवेल.

फोटोशेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलंय. ज्याला जे ओळखू येईल ते लिहा. खात्री नसेल तर पुढं प्रश्नचिन्ह घाला, अंदाजानं नाव घालू नका. आणि घरी जाऊन माळा, ट्रंका, आईचं कपाट बघा. दुसरी प्रत कुणाकडं निघाली तर अल्बमच्या पानावरून ओढून काढू नका, पानासकट तसाच माझ्याकडं आणून द्या. आठ दिवसांत परत मिळेल.